एक महिना, एक गुण

महाराष्ट्रात एखादा रुग्ण मेंदूमृत झाला आणि घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला, की त्याच्या दोन किडन्यांच्या वाटा बहुतेक वेळा वेगळ्या होतात. दान जिथे झाले त्या रुग्णालयाला प्रत्यारोपणाची परवानगी असेल, तर एक किडनी त्याच रुग्णालयाच्या यादीतल्या रुग्णाला मिळते. दुसरी विभागाच्या सामाईक यादीकडे जाते. ही यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सांभाळते. डॉक्टर, पेशंट, नातेवाईक सगळे त्याला 'झेडटीसीसी' म्हणतात. राज्यात अशी चार केंद्रे आहेत: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. मुंबईचे 2000 साली सुरू झाले.

पहिली किडनी रुग्णालयाकडेच का? दान देणाऱ्या घराने ती त्या रुग्णालयाला दिलेली नसते, समाजाला दिलेली असते. मग सगळ्यात जास्त गरज ज्याची, तो शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रुग्णालयात असला तर त्याने काय करायचे? प्रश्न रास्त आहे, पण उत्तरही समजून घ्यावे लागते. मेंदूमृत्यू जाहीर करायला चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि सगळ्या तपासण्या सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. तेवढ्या वेळात आयसीयूतल्या माणसांनी रक्तदाब, क्षार, लघवीचे प्रमाण हे सगळे जागेवर ठेवायचे, समन्वयकाने दुःखात बुडालेल्या घरच्यांशी बोलायचे, अपघाताची केस असेल तर पोलिसांचे कागद जमवायचे. एवढा खटाटोप करून रुग्णालयाच्या हाती काहीच लागणार नसेल, तर मेंदूमृत्यू कळवायचाच कशाला, असा विचार होतो. कुणी उघड बोलत नाही इतकेच. म्हणजे एक किडनी ठेवून घ्यायची मुभा हा सरळ सौदा आहे. वाटप थोडे असमान होईल, पण वाटायला काहीतरी येईल.

या सौद्याची किंमत मात्र कोणीतरी मोजतोच. एकाच रक्तगटाचे, सारखीच वर्षे डायलिसिसवर काढलेले दोन रुग्ण घ्या. एकाची फाईल मोठ्या ट्रॉमा विभागाच्या रुग्णालयात आहे, दुसऱ्याची अशा ठिकाणी जिथे वर्षात एखादाच दाता होतो. पहिल्याला दोन्ही वाटा खुल्या, दुसऱ्याला जवळजवळ एकच. दोघांच्या आजारात काडीचा फरक नाही. फरक फाईल कुठे आहे एवढाच. नाव एकाच रुग्णालयामार्फत नोंदवता येत असल्यामुळे हा निर्णय रुग्णाला सुरुवातीलाच, बहुतेक वेळा काही माहीत नसताना, घ्यावा लागतो.

आता सामाईक यादीकडे येऊ. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, जो आधी आला तो आधी. तसे नाही. राष्ट्रीय पातळीवरच्या 'नोटो' या संस्थेने मार्गदर्शक म्हणून गुणांचा तक्ता दिला आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. डायलिसिसच्या दर महिन्याला एक गुण. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला तीन जादा, सहा ते बारापर्यंत दोन, बारा ते अठरापर्यंत एक. आधी बसवलेली किडनी शरीराने तीन महिन्यांच्या आत नाकारली असेल तर तीन. डायलिसिससाठी हातात केलेल्या जोडणीच्या, म्हणजे फिस्टुलाच्या, सगळ्या जागा निकामी झाल्या असतील तर दोन, त्यानंतर घातलेली कृत्रिम नळीही बंद पडली असेल तर चार. रुग्णाने स्वतः पूर्वी कुणाला किडनी दिली असेल आणि आता त्याचीच उरलेली किडनी गेली असेल, तर पाच. मृत्यूनंतर ज्यांच्या माणसाचे अवयव दान झाले होते, त्या जवळच्या नातेवाईकालाही पाच. आणि रक्तात परक्या ऊतींविरुद्धची प्रतिपिंडे असतील, तर जितक्या टक्के दात्यांशी त्यामुळे जुळणी होणार नाही, त्यातल्या वीस टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक दहा टक्क्यांना अर्धा गुण.

वाचताना हे सगळे पटते. लहान मुलाला प्राधान्य हवे, ज्याने आपली किडनी दिली त्याला हवे, ज्याचे सगळे रस्ते संपले त्याला हवे. पण एक गुण म्हणजे एक महिना, हे ध्यानात ठेवून तक्ता पुन्हा वाचा. आठ वर्षांच्या मुलीला मिळालेले दोन गुण म्हणजे मोठ्या माणसाचे दोन महिने. तिचे डायलिसिस वीस महिन्यांचे असेल तर तिचे गुण बावीस. चार वर्षे थांबलेल्या पन्नाशीच्या गृहस्थांचे अठ्ठेचाळीस. वयाचा मुद्दा मान्य झाला, पण तराजूत त्याचे वजन पडलेच नाही. भावाला किडनी देणाऱ्या बहिणीचे ऋण आपण पाच महिन्यांत फेडले.

अमेरिकेत 2014 च्या डिसेंबरपासून जी पद्धत लागू झाली, तिच्यात एका वर्षाला एक गुण आहे. पूर्वी किडनी दिलेल्याला तिथे चार गुण, म्हणजे चार वर्षे. प्रतिपिंडांचे तर विचारूच नका. ज्याच्या रक्ताची जुळणी जवळजवळ कोणत्याच दात्याशी होत नाही, अशा शंभर टक्केवाल्या रुग्णाला 202 गुण मिळतात. वर्षांच्या हिशेबात दोन शतके! आपल्या तक्त्यात त्याच रुग्णाला चार गुण, म्हणजे चार महिने. दोन्ही देशांनी तत्त्व एकच मानले आहे की ज्याला किडनी जुळणे कठीण, त्याला जुळेल ती आधी द्यावी. पण एकाने त्या तत्त्वाला डोंगराएवढे वजन दिले, दुसऱ्याने चिमूटभर. न्याय तत्त्वांत कमी असतो, गुणकांत जास्त. वाद होतात ते तत्त्वांवर, आणि आकडे कुणीतरी बैठकीत भरून टाकते.

प्रतिपिंडांचा हा मुद्दा कुणाचा आहे, हेही सांगायला हवे. ती तयार होतात पूर्वीच्या प्रत्यारोपणाने, रक्त चढवल्याने, आणि गर्भारपणाने. पोटातल्या बाळाचे निम्मे ऊतीगुण बापाचे असतात, आईचे शरीर ते परके म्हणून ओळखते. म्हणून तीन बाळंतपणे झालेल्या बाईला किडनी जुळणे अनेकदा पुरुषापेक्षा कठीण जाते, आणि नेमका नवऱ्याकडून घ्यायची म्हटली तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येण्याची, म्हणजे रक्ताची जुळणी न होण्याची, शक्यता अधिक. तक्त्यातली ती अर्ध्या गुणाची ओळ बायकांच्या खात्यातली आहे.

गुणांच्या आधीही एक चाळणी असते, रक्तगटाची. ओ गटाची किडनी कुणालाही चालते, पण ओ गटाच्या रुग्णाला फक्त ओ चालते. सगळ्यांना सगळे खुले ठेवले तर ओ गटाचा रुग्ण कायम मागे पडेल. म्हणून ओ ची किडनी आधी ओ ला, असा दंडक बहुतेक सगळीकडे आहे. अमेरिकेत बी गटाची अडचण वेगळीच निघाली. हा गट कृष्णवर्णीयांत आणि आशियाई लोकांत जास्त, गोऱ्यांत कमी, आणि दाते बहुसंख्य गोरे. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या माणसांनाही त्याची झळ बसते. 2014 च्या नियमांत ए गटातल्या एका सौम्य उपप्रकाराची किडनी बी गटाच्या रुग्णांना देण्याची वाट उघडली, ती यासाठी.

हे सगळे गणित यायच्या आधी माणसे निवडायची. 1960 साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर या डॉक्टरांनी टेफ्लॉनची नळी हातात कायमची बसवून पुन्हा पुन्हा डायलिसिस करण्याची युक्ती काढली. तोवर डायलिसिस काही दिवसांपुरते होते. आता त्यावर वर्षानुवर्षे जगता येईल असे दिसले. 1962 मध्ये तिथे केंद्र उघडले. यंत्रे मोजकी, रुग्ण भरपूर. मग सात जणांची समिती नेमली: वकील, धर्मगुरू, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन. नावे गुप्त. त्यांनी वय पाहिले, लग्न, मुलेबाळे, मिळकत, शिक्षण, स्वभाव, पूर्वीची कामगिरी, समाजाला पुढे होणारा उपयोग. 'लाइफ' मासिकात 1962 च्या नोव्हेंबरमध्ये शाना अलेक्झांडर यांचा लेख आला आणि कोण जगणार हे सात शेजारी ठरवतात हे वाचून अमेरिका हादरली. टीकाकारांनी दाखवले की समितीला पसंत पडणारा माणूस हुबेहूब समितीसारखाच असतो: नोकरीधंद्याला लागलेला, संसारी, देवळात जाणारा. एकटा, विक्षिप्त, चाकोरीबाहेरचा माणूस तिथे वाचणे कठीण. दहा वर्षांनी, 1972 मध्ये, अमेरिकी सरकारने किडनी निकामी झालेल्या जवळजवळ सगळ्यांच्या डायलिसिसचा खर्च उचलला आणि यंत्रांची टंचाई संपली. किडन्यांची संपली नाही. ती कायद्याने संपत नसते.

समितीच्या जागी सूत्र आले की पक्षपात जातो, असा एक समज आहे. त्यावर उतारा म्हणून एक सूत्रच बघू. तुमच्या लॅब रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर असा आकडा छापलेला असतो. किडनी किती काम करते याचा तो अंदाज. 1999 नंतर अमेरिकेत रूढ झालेल्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला सुमारे 1.21 ने गुणायचे, असे कलम होते. आता डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच यादीत प्रतीक्षेचे घड्याळ सुरू होण्याची अट अशी, की हा आकडा 20 किंवा त्याखाली हवा. गोऱ्या रुग्णाचा आकडा 18 आला, तो यादीत गेला. अगदी तसेच रक्त असलेल्या कृष्णवर्णीयाचा 18 गुणिले 1.21, म्हणजे जवळपास 22. तो बाहेर. कुणी त्याला नाही म्हटले नाही, कुणाच्या मनात द्वेष असण्याचीही गरज नव्हती. 2021 मध्ये वंशाचे कलम नसलेले नवे सूत्र आले, 2022 मध्ये प्रत्यारोपणासाठी जुने सूत्र वापरायला बंदी झाली, आणि 2023 पासून प्रत्येक केंद्राने जुन्या नोंदी काढून अशा रुग्णांची तारीख मागे न्यावी असा हुकूम निघाला. चौदा हजारांहून अधिक कृष्णवर्णीय रुग्णांना सरासरी दोन वर्षे परत मिळाली. वैद्यकाच्या इतिहासात चूक मान्य झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. रांगेतली जागा परत दिल्याची फार नसतील.

यात आणखी एक कठीण वाद आहे: वयाचा. पंचविशीच्या तरुणाच्या दात्याची किडनी सत्तरीच्या आजोबांना बसवली तर आजोबांबरोबर ती अजून चालू असतानाच जाईल. उलट म्हाताऱ्या दात्याची किडनी विशीतल्या मुलाला दिली, तर दहा-बारा वर्षांत तो पुन्हा रांगेत. म्हणून एकूण आयुष्याची वर्षे जास्तीत जास्त मिळतील असे वाटप करावे, असा आग्रह अमेरिकेत दीर्घकाळ चालला. 2011 मध्ये दाता आणि रुग्ण यांच्या वयात साधारण पंधरा वर्षांपेक्षा जास्त अंतर नसावे असा प्रस्ताव पुढे आला आणि वयावरून भेदभाव होतो म्हणून बारगळला. शेवटी तडजोड झाली. उत्तमातल्या उत्तम वीस टक्के किडन्या, त्या बसवल्यावर सर्वाधिक काळ जगण्याची शक्यता असलेल्या वीस टक्के रुग्णांना आधी. बाकीच्या ऐंशी टक्क्यांत मुख्यतः थांबलेला काळ. युरोपात काही देशांच्या मिळून चालणाऱ्या युरोट्रान्सप्लांट संस्थेने 1999 पासून अधिक साधी वाट धरली आहे. पासष्टीच्या पुढच्या दात्याची किडनी पासष्टीच्या पुढच्या रुग्णाला, आणि शक्यतो जवळपासच, म्हणजे बर्फात ती फार तास राहणार नाही. मला हा उपाय जास्त शहाणपणाचा वाटतो. त्यात म्हाताऱ्याला नकार नाही, उलट त्याला लवकर किडनी मिळते, आणि तरुणाच्या वाटची जात नाही.

आता आपल्याकडचे आकडे. भारतात वर्षाला तेरा हजारांहून अधिक किडन्या बसवल्या जातात, पण त्यातल्या बहुसंख्य जिवंत नातेवाइकांच्या. मृत्यूनंतर दान करणारे दाते 2024 मध्ये देशभरात अकराशेच्या थोडे पुढे होते. दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. म्हणजे वाटायला किडन्या जास्तीत जास्त सव्वादोन हजार. आणि 2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणातला अंदाज धरला, तर दरवर्षी किडनी पूर्ण निकामी झालेले नवे रुग्ण दोन लाख वीस हजार. गुणांवरून इतके बोलून झाल्यावर हे लिहायला अवघड वाटते, पण यातल्या बहुतेकांचा गुणांशी संबंधच येत नाही. ते यादीतच नसतात.

मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याला डायलिसिस केंद्र असते. आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते मोफतही होते. प्रत्यारोपणासाठी त्याच योजनेतून साडेचार लाखांपर्यंत मदत मिळते, ही मोठीच गोष्ट आहे. पण शस्त्रक्रियेनंतर किडनी नाकारली जाऊ नये म्हणून जन्मभर गोळ्या लागतात, दर महिन्याला काही हजारांच्या, आणि एकही खाडा चालत नाही. नोंदणीच्या तपासण्यांसाठी मोठ्या शहराच्या खेपा, बरोबरच्या माणसाची मजुरी बुडणार ती वेगळी. रात्री दोनला फोन आला तर काही तासांत पोहोचायचे. हे सगळे जमेल का, हा हिशेब डॉक्टर मनातल्या मनात करतो, रुग्णही करतो, आणि यादीचा विषय निघतच नाही. सिएटलच्या समितीत निदान सात माणसे होती, त्यांच्यावर मासिकात लेख लिहिता आला. इथे समिती म्हणजे एसटीचे भाडे आणि औषधाचे बिल. तिच्या बैठकीचे इतिवृत्त नसते.

अमेरिकेने 2014 मध्ये केलेला एक बदल मला म्हणूनच सगळ्यात मोलाचा वाटतो. पूर्वी तिथे नाव नोंदवलेल्या दिवसापासून वाट मोजत. गरिबांचे नाव उशिरा लागे, म्हणून ते मागे. नव्या नियमाने डायलिसिस सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. आपल्या तक्त्यातही डायलिसिसचेच महिने धरले आहेत, हे चांगले आहे. पण ते महिने वापरता येतात नाव लागल्यावर.

बायकांचे तर दोन्ही बाजूंनी नुकसान. जिवंत दात्यांत साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया, मुख्यतः आया आणि बायका. किडनी मिळालेल्यांत बहुसंख्य पुरुष. 2025 च्या ऑगस्टमध्ये नोटोने राज्यांना कळवले की प्रतीक्षायादीतल्या स्त्रियांना आणि मृत दात्यांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य द्यावे. हेतू चांगला आहे, पण मला शंका आहे. घरातल्या बाईला डायलिसिसपर्यंतच उशिरा आणले जाते, यादीपर्यंत आणलेच जात नाही. जादा गुण देऊन तिला यादीत वर चढवता येईल. यादीच्या दारात आणता येणार नाही. नवऱ्याला किडनी बायको देते आणि बायकोसाठी मात्र मृत दात्याची वाट पाहू, असे घरोघर होते. तिथे कोणता गुणक लावणार?

आणि तरी नियम उघड असणे फार महत्त्वाचे आहे. 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला, ती होती महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. त्याआधी मुंबईत किडन्यांचा उघड बाजार होता; पैसे मोजील त्याला किडनी, असा वाटपाचा एकच निकष होता. त्याच्या तुलनेत अर्ध्या गुणावरून भांडता येणे ही प्रगतीच आहे. म्हणूनच माझे म्हणणे आहे की तक्त्यातली वजने दर काही वर्षांनी निकालांशी ताडून पाहावीत. किती मुलांना, किती बायकांना, किती पूर्वीच्या दात्यांना, कोणत्या जिल्ह्यातल्या लोकांना किडन्या गेल्या ते विभागवार छापावे. लोकांनी दिलेल्या वस्तूचा हिशेब लोकांना मिळायला हवा.

तोवर ज्यांच्या घरी कुणी डायलिसिसवर आहे, त्यांनी पुढच्याच भेटीत नेफ्रॉलॉजिस्टना सरळ विचारावे: नाव यादीत घातले का? नसेल तर का नाही? नाव थेट झेडटीसीसीकडे देता येत नाही, प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयामार्फतच द्यावे लागते. रुग्णालय निवडताना तिथे वर्षाला किती दाते होतात हेही विचारा. डायलिसिस सुरू झाल्याच्या तारखेचा कागद जपून ठेवा. फोन नंबर बदलला तर त्याच दिवशी कळवा. आणि नोंदणीसाठी राज्यांनी शुल्क घेऊ नये, परराज्यातला म्हणून किंवा वय 65 च्या पुढे गेले म्हणून कुणाला नोंदणी नाकारू नये, असे केंद्राने 2023 मध्येच कळवलेले आहे.